घोडा, गिटार आणि पाणी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, ते गुरुजी सिनेमाचे मोठे शौकीन होते, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मला कळलं. शनिवारची शाळा सुटली की सायकल थेट थिएटरकडे वळायची आणि जो लागला असेल तो सिनेमा पाहून व्हायचा. ‘जो लागला असेल तो’, हे शब्द मला फार आवडले. कारण आज मी ज्या सिनेमांबद्दल बोलणार आहे, ते असेच होते. लोक कुणी दिग्दर्शक पाहून त्यांना जात नसत. शनिवार आला म्हणून जात.

आधी एक प्रसंग सांगतो. १९३३ सालचा ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’. धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं. रस्त्याच्या एका टोकाला नामचीन पिस्तुलबाज उभा आहे. दुसऱ्या टोकाकडून एक उंच तरुण त्याच्या दिशेनं चालत येतोय. हात पिस्तुलापाशी आहे आणि तो चालता चालता गातोय. खालच्या पट्टीत, संथ. आज या रस्त्यावर रक्त सांडणार, एवढाच त्या गाण्याचा अर्थ. नीट पाहिलंत तर लक्षात येतं, की ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे. हा तरुण म्हणजे जॉन वेन. पुढे साऱ्या जगानं ज्याला अबोल, कणखर काऊबॉय म्हणून ओळखलं, तो इथे ‘गाणारा सँडी’ आहे.

गोळी झाडायच्या आधी माणूस गाईल कशाला?

संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न चटकन पडत नाही. आपला नायक मरताना गातो, भांडताना गातो, आणि आपण ‘वन्स मोअर’ म्हणतो. अमेरिकेतही रंगमंचावर गाणं होतंच. पण घोड्यावरचा, बंदूक चालवणारा, गुरं राखणारा माणूस पडद्यावर गाऊ लागणं हे तिथे नवं होतं. बोलपट आल्यावर जेमतेम दहा वर्षांत तो असा गाऊ लागला की पुढची पंधरा वर्षं थांबला नाही. हे का घडलं, आणि त्यातून काय निघालं, हे मला आज सांगायचं आहे.

ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि हॉलिवूडची घडी विस्कटली. सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती वेस्टर्नची. वेस्टर्न म्हणजे पळणं. घोडा पळतो, टपालगाडी पळते, दरोडेखोर पळतो, आणि त्यांच्या बरोबरीनं कॅमेरा पळतो. मूकपटाच्या काळात टॉम मिक्ससारखे नट याच वेगावर राज्य करत होते. आता कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला बंद खोक्यात बसवलं. मायक्रोफोन एका जागी, नट त्याच्याभोवती. मोकळं माळरान आणि बंद खोकं यांचं जमायचं कसं? वेस्टर्नचे दिवस भरले, असं जाणकार म्हणू लागले.

फॉक्स कंपनीच्या ‘इन ओल्ड ॲरिझोना’नं तो समज मोडला. हा सिनेमा १९२९ च्या सुरुवातीला सगळीकडे झळकला. त्यांनी ध्वनियंत्रणा उचलून थेट उघड्यावर नेली. त्यासाठी राऊल वॉल्श या दिग्दर्शकाला केवढी किंमत मोजावी लागली! वाळवंटातून मोटारीनं जाताना एक ससा उडी मारून समोरच्या काचेवर आदळला, काच फुटली आणि वॉल्शचा एक डोळा कायमचा गेला. दिग्दर्शन दुसऱ्यानं पुरं केलं. पण लोकांनी काय ऐकलं? टापा ऐकल्या, आणि तव्यावर चरचरणारं मांससुद्धा ऐकलं. त्या चरचरण्याचं लोकांना कोण अप्रूप! माळरानाला आवाज असतो, हे त्यांना पहिल्यांदा पडद्यावर कळलं. आणि त्या सिनेमात गाणंही होतं, हे लक्षात असू द्या.

मग १९३० साली त्याच वॉल्शनं ‘द बिग ट्रेल’ काढला. सत्तर मिलिमीटरची रुंद फिल्म, शेकडो माणसं, गाड्यांचे तांडे, आणि नायक म्हणून तेवीस वर्षांचा नवखा जॉन वेन. पण मंदीच्या तोंडावर थिएटरवाल्यांनी नवे पडदे आणि नवी यंत्रं घ्यायची कुठून? सिनेमा पडला. मोठ्या कंपन्यांनी खर्चिक वेस्टर्नमधून हळूहळू अंग काढून घेतलं, आणि वेन स्वस्तातल्या सिनेमांच्या रांगेत येऊन पडला. तिथे त्याचं १९३० चं सगळं दशक गेलं म्हटलं तरी चालेल. १९३९ मध्ये ‘स्टेजकोच’नं त्याला पुन्हा वर काढलं. मघाशी तुम्ही त्याला गाताना पाहिलंत, तो याच रांगेतला.

ही रांग म्हणजे काय होती? हॉलिवूडमध्ये गॉवर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या आसपास लहान लहान कंपन्यांची बिऱ्हाडं होती. लोक त्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, म्हणजे गरिबांची आळी. गॉवर आणि सनसेट हे रस्ते जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर सकाळपासून माणसं उभी असत. टोपी, बूट, कमरेला पट्टा, सगळा पोशाख अंगावर. त्यातले बरेच जण खरोखरचे गुराखी होते. कुरणांवरचं काम सुटलं म्हणून शहरात आलेले. आज कुणाला घोडेस्वार हवेत का, याची वाट पाहत ते तिथे थांबत. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर सकाळी सकाळी माणसं उभी असतात, तशी. त्या कोपऱ्याला नाव पडलं ‘गॉवर गल्च’, गॉवरची घळ. वेस्टर्नचा इतिहास लिहिताना मोठ्या नटांची नावं येतात. मला वाटतं, सुरुवात या कोपऱ्यापासून करायला हवी.

आता पैशांचं गणित. मंदीत प्रेक्षक घटले तेव्हा थिएटरांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. मुख्य सिनेमा टक्केवारीवर यायचा. जोडीच्या दुय्यम सिनेमाला ठरावीक भाडं असे. म्हणजे सिनेमा चालो न चालो, निर्मात्याच्या हातात किती पडणार हे आधीच ठरलेलं. मग नफा आणायचा कुठून? खर्चातून. म्हणून सिनेमा तासाभराचा, चित्रीकरण आठवड्याभराचं. लॉस एंजेलिसजवळचं आयव्हरसन रँच, थोडं लांब लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्स, तेच खडक, तीच वळणं. गुरं उधळण्याचं दृश्य एकदा घेतलं की चार सिनेमांत वापरायचं.

आता या हिशेबात गाणं कुठे बसतं पाहा. तीन मिनिटांची हाणामारी घ्यायची तर स्टंटवाले हवेत, कॅमेऱ्याच्या जागा बदलायला हव्यात, मोडायला टेबलं हवीत. तीन मिनिटांच्या गाण्याला काय लागतं? एक माणूस, एक गिटार, एक शेकोटी. गाणं सगळ्यात स्वस्त होतं. अभ्यासक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, खर्च वाचवायला गाणी घातली. मला हे अर्धंच खरं वाटतं. स्वस्त म्हणून गाणं सिनेमात शिरलं, हे मान्य. पण केवळ स्वस्त म्हणून कुठली गोष्ट लोक पंधरा वर्षं उराशी धरत नाहीत.

पडद्यावर गाणारा पहिला काऊबॉय म्हणून केन मेनार्डचं नाव घेतात. १९२९ च्या ‘द वॅगन मास्टर’मध्ये तो गायला. मग वेन, उसन्या आवाजात. पुढे वेन गावोगावी गेला की लोक त्याला गायचा आग्रह करत आणि त्याची फार कुचंबणा होई. त्यानं गाण्याच्या भूमिका सोडून दिल्या. आपल्याकडे पुढे पार्श्वगायनावर सगळा सिनेमा उभा राहिला, नायकाचा आवाज दुसऱ्याचा असतो याचं कुणालाच काही वाटलं नाही. तिथे मात्र लोकांना गाणारा माणूस खराच गाणारा हवा होता. का? कारण तो आवाज त्यांच्या घरात आधीच येऊन बसला होता. रेडिओतून.

इथे जीन ऑट्री येतो. जन्म १९०७, टेक्ससमधल्या टायोगाजवळ. ओक्लाहोमात रेल्वेच्या स्टेशनांवर तार पाठवण्याचं काम. रात्रपाळी, गाड्या कमी, तेव्हा गिटार घेऊन बसायचा. एका रात्री त्या काळचा लाडका विनोदवीर विल रॉजर्स तार करायला आला, गाणं ऐकलं आणि म्हणाला की तू रेडिओवर जा, अशी गोष्ट ऑट्री आयुष्यभर सांगत राहिला. आधी टल्सा, मग शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावरचा ‘नॅशनल बार्न डान्स’. शेतकरी कुटुंबं तो कार्यक्रम शनिवारी रात्री ऐकत. सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये ऑट्रीच्या नावाची स्वस्त गिटार मिळे. म्हणजे हा माणूस घोड्यावर बसायच्या आधीच घराघरात पोचला होता.

१९३५ साली मॅस्कॉट कंपनीनं बारा भागांची मालिका काढली, ‘द फँटम एम्पायर’. तिची कथा ऐका. ऑट्रीचं ‘रेडिओ रँच’ आहे. तिथून रोज दुपारी त्याचा कार्यक्रम प्रसारित व्हायलाच हवा, चुकला तर करार गेला आणि रँचही गेलं. त्या रँचच्या खाली, जमिनीच्या पोटात पंचवीस हजार फूट खोल, एक प्राचीन राज्य आहे. तिथे राणी आहे, यंत्रमानव आहेत, मृत्युकिरण आहेत. नायकाला पकडून खाली नेतात, मारतात, जिवंत करतात. आणि या साऱ्यातून सुटून त्याला दुपारी वर यायचं असतं, गायला! पाताळातून धावत आलेला माणूस धाप आवरतो, मायक्रोफोनपुढे उभा राहतो आणि शांत आवाजात गातो.

हे पाहताना हसू येतं, आणि येऊ द्यावं. पण मागाहून विचार करा. या नायकाचं काम काय आहे? वेळेवर गाणं. गाणं म्हणजे त्याची नोकरी आहे, आणि नोकरी गेली तर जमीन जाते. १९३५ च्या अमेरिकेत नोकरी आणि जमीन या दोन शब्दांनी किती घरांची झोप उडवली असेल! पाताळातल्या राणीपेक्षा त्या लोकांना करार मोडण्याची भीती जास्त ओळखीची होती.

त्याच वर्षी हर्बर्ट येट्सनं मॅस्कॉट, मोनोग्राम आणि इतर लहान कंपन्या एकत्र करून ‘रिपब्लिक पिक्चर्स’ उभी केली, आणि सप्टेंबरमध्ये ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ आला. त्यातून गाणाऱ्या काऊबॉयचा साचा पक्का झाला. नायकाचं नाव जीन ऑट्रीच. पडद्यावरचा आणि रेडिओवरचा माणूस एकच. घोडा चॅम्पियन, सोबती स्मायली बर्नेट, आणि काळ आजचा. होय, आजचा! घोड्यांबरोबर मोटारी आहेत, विमानं आहेत, टेलिफोन आहेत. टीकाकार या सरमिसळीवर तुटून पडले. मला मात्र हीच या सिनेमांची खरी ताकद वाटते. सुदूर खेड्यातल्या माणसाच्या अंगणात तेव्हा घोडाही होता आणि घरात रेडिओही होता. तो पडद्यावर स्वतःचंच अंगण बघत होता.

ऑट्रीचा अभिनय बेताचा होता. घोड्यावर बसण्यातही तो टॉम मिक्सच्या पासंगाला पुरत नव्हता. तरीही १९३७ ते १९४२ अशी सलग सहा वर्षं ‘मोशन पिक्चर हेरल्ड’च्या यादीत कमाई करून देणाऱ्या वेस्टर्न नटांत तो पहिला होता. ही यादी थिएटरवाल्यांच्या मतांवरून होत असे, म्हणजे गल्ल्यावर बसलेल्यांची साक्ष. आणि याच गल्ल्यापायी १९३८ च्या सुरुवातीला ऑट्री कंपनीशी भांडून बसला. त्याचा सिनेमा हवा असेल तर थिएटरवाल्यानं कंपनीचे बाकीचे सिनेमेही घ्यायचे, अशी सक्ती होती. त्याला ती मान्य नव्हती, आणि स्वतःचा वाटाही वाढवून हवा होता. ठरलेल्या दिवशी तो चित्रीकरणाला आलाच नाही. कंपनीनं दुसरा गाणारा उभा केला.

तो दुसरा म्हणजे लेनर्ड स्लाय. ओहायोतलं कुटुंब मंदीत कॅलिफोर्नियाला आलं, तिथे या पोरानं बागांमधून फळं तोडली, ट्रक चालवला. मग बॉब नोलन आणि टिम स्पेन्सर या दोघांबरोबर गायला लागला. त्यांच्या गटाचं नाव ‘सन्स ऑफ द पायोनिअर्स’. नोलन कॅनडात जन्मलेला, गोल्फच्या मैदानावर पिशव्या वाहणारा, आणि माळरानाबद्दलची सगळ्यात सुंदर गाणी त्यानं लिहिली. तीन गळे एकमेकांत असे मिसळत की कुठला सूर कुणाचा ते उमगत नसे. कंपनीनं स्लायला नाव दिलं रॉय रॉजर्स, आणि ऑट्रीसाठी लिहिलेली कथा त्याला दिली. सिनेमा ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’, एप्रिल १९३८.

त्यातला एक प्रसंग मी आवर्जून सांगतो. कोरड्या मुलुखातल्या लोकांनी रॉयला निवडून वॉशिंग्टनला पाठवलंय. पाणी एका कंपनीच्या मुठीत आहे, शेतकऱ्यांना दर परवडत नाही. प्रतिष्ठितांची मेजवानी चालू आहे. उंची कपडे, चकचकीत दिवाणखाना. रॉय दिवे मालवायला सांगतो आणि भिंतीवर फिल्म लावतो. धुळीनं गाडलेली कुंपणं, मेलेली गुरं, सोडून दिलेली घरं. आणि तो गातो. गाण्याचा विषय एकच, धूळ. त्या गाण्याला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं. बाहेर खरोखरच धुळीची वादळं चालू होती. ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सस इथून हजारो कुटुंबं गाड्यांवर बिऱ्हाड लादून निघाली होती. आठवड्याभरात तयार होणाऱ्या सिनेमानं सत्ताधाऱ्यांच्या दिवाणखान्यात ती धूळ नेऊन ओतली.

आणि आता मघाचा गाणारा सँडी आठवा. १९३३. तिथेही भांडण पाण्याचंच आहे! खलनायकानं पाणी अडवलंय, शेतकऱ्यांना मिळेल त्या किमतीला जमिनी विकायला लावतोय. शेवटी सुरुंग फुटतो आणि कोरड्या ओढ्यातून पाणी धावत येतं. मी असे सिनेमे ओळीनं पाहू लागलो तेव्हा थक्क झालो. धरणं, कालवे, गहाण जमिनी, बँका, रेल्वेचे दर. शनिवारी पोरंटोरं शिट्ट्या मारत बघायची त्या सिनेमांत हे सगळं! इथे बसलेल्यांना पाणी कोण अडवतं आणि का अडवतं, हे मी समजावून सांगायला नको.

म्हणून गाणारा नायक. माझं म्हणणं आहे ते हेच. बंदूकवाला नायक खलनायकाला मारतो, संपलं. पण पाणी हवं असेल तर नुसता माणूस मारून भागत नाही, माणसं जमवावी लागतात. सभा घ्यावी लागते, त्यांना ऐकायला बसवावं लागतं. या सिनेमांत गाणं तेच करतं. ऑट्री गातो आणि भांडायला आलेला जमाव बसून ऐकू लागतो. रॉय गातो आणि पुढारी खिडकीबाहेर बघू लागतात. गाणं कथेला थांबवतं, अशी तक्रार लेखक मंडळी करतात. मला तर कथेतलं मुख्य काम त्याच क्षणी चाललेलं दिसतं.

पण ही गाणी आणली कुठून? एकोणिसाव्या शतकात टेक्ससहून गुरांचे कळप उत्तरेकडच्या रेल्वेपर्यंत चालवत नेत. रात्री कळप बसला की दोन स्वार त्याच्याभोवती उलट्या दिशांनी फेऱ्या घालत आणि गात. काळोखात अचानक आवाज झाला तर हजारो जनावरं उधळत. माणसाचा सलग, ओळखीचा आवाज कानावर असला की ती शांत राहत. त्या गाण्यांचे संग्रह पुढे झाले, जॅक थॉर्पचा १९०८ मध्ये आणि जॉन लोमॅक्सचा १९१० मध्ये. पडद्यावरची बहुतेक गाणी त्यातली नव्हेत, ती स्टुडिओत लिहिलेली. पण शेकोटीजवळचा तो शांत आवाज मात्र तिथूनच आलेला.

आणि इथे मला या सिनेमांना खडे बोल सुनवायचे आहेत. रात्रीच्या त्या फेऱ्या घालणारे स्वार कोण होते? इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज असा, की चारांतला एक कृष्णवर्णीय होता. मेक्सिकन तर कितीतरी. घोड्यावरून गुरं राखण्याची विद्याच मुळी मेक्सिकोच्या ‘वाकेरो’ची. ‘बकारू’ हा शब्द त्यातूनच आला, आणि फासाचा दोर ‘लॅरिअट’ हाही स्पॅनिश ‘ला रिआता’चाच. पडद्यावर मात्र नायक गोरा. मेक्सिकन आला तर दरोडेखोर किंवा गिटार वाजवणारा नोकर. मूळनिवासी आला तर डोंगरमाथ्यावर ओळीनं उभा, नाव नसलेला. पाण्यासाठी, जमिनीसाठी गाणारे हे सिनेमे, ती जमीन आधी कुणाची होती याबद्दल गप्प राहतात. माझं प्रेम आहे म्हणून मी हे लपवणार नाही.

मेक्सिकोनं आपलं उत्तर १९३६ मध्ये दिलं. ‘आया एन एल रांचो ग्रांदे’मध्ये टिटो गुइझार गायला आणि तिथल्या गाणाऱ्या स्वारांची मोठी परंपरा उभी राहिली. आणि अमेरिकेत उत्तर दिलं हर्ब जेफ्रीजनं. डेट्रॉइटचा गायक. दक्षिणेत फिरताना त्यानं पाहिलं, की कृष्णवर्णीयांसाठी वेगळी थिएटरं आहेत आणि तिथेही पडद्यावर गोरेच काऊबॉय. जेफ्रीज पुढे सांगत असे, एक कृष्णवर्णीय पोरगा रडत उभा होता. खेळात त्याला टॉम मिक्स व्हायचं होतं, आणि सवंगडी म्हणत होते की टॉम मिक्स काळा नसतो. जेफ्रीज निर्माता शोधत फिरला. १९३७ मध्ये ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’ निघाला, पाठोपाठ आणखी तीन. एका कृष्णवर्णीय मालकाचं व्हिक्टरव्हिलजवळ रँच होतं, तिथे चित्रीकरण झालं. पैसा अगदी बेताचा. तरी पांढऱ्या घोड्यावरून तो गात येतो तेव्हा त्या पोराला काय वाटलं असेल, हे मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. जेफ्रीज २०१४ साली गेला, वयाची शंभरी गाठून.

घोड्यावरून एक आठवलं. ‘द फँटम एम्पायर’च्याच वर्षी, १९३५ साली, आपल्याकडे परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोननं ‘हंटरवाली’ काढला. त्यातल्या नायिकेचा, नाडियाचा घोडा होता ‘पंजाब का बेटा’. तिकडे ऑट्रीचा चॅम्पियन आणि रॉयचा ट्रिगर यांची नावं श्रेयनामावलीत झळकत. स्टंटपटांना आपल्याकडेही शिकलेल्यांनी नाकं मुरडली, आणि स्वस्त दराच्या तिकिटांवर बसलेल्यांनी ते डोक्यावर घेतले.

शेवट मात्र दुःखाचा आहे. १९४२ मध्ये ऑट्री सैन्यात गेला आणि पुढच्या वर्षी रॉय पहिल्या क्रमांकावर आला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या कंपन्यांची थिएटरवरची पकड मोडली, जोडसिनेमाचं गणित कोलमडलं. मग टेलिव्हिजन आलं. १९५४ मध्ये रेक्स ॲलनच्या ‘फँटम स्टॅलियन’बरोबर ही ओळ थांबली. जुने सिनेमे टेलिव्हिजनला विकले गेले. रॉयनं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, अखेर हरला. जाहिरातींसाठी जागा हवी म्हणून प्रत्येक सिनेमा त्रेपन्न-चोपन्न मिनिटांत बसवायचा होता. काय कापायचं? पाठलाग कापला तर मुलं हिरमुसतात, संवाद कापले तर गोष्ट कळत नाही. मग कात्री वारंवार गाण्यांवर चालली.

ऑट्रीचे सिनेमे पुढे मूळ रूपात दुरुस्त होऊन आले. रॉयच्या कित्येक सिनेमांच्या मात्र त्या कापलेल्या प्रतीच हाती लागतात. अशी एक प्रत माझ्याकडे आहे. रात्रीची वेळ, शेकोटी, भोवती दमलेली माणसं. रॉय गिटार मांडीवर घेतो, तारा जुळवतो, एक सूर छेडतो, मान वर करतो. आणि पुढच्या क्षणी भर दुपार असते, तो घोड्यावर असतो आणि मागे धूळ उडत असते. त्या जागी मी दर वेळी सिनेमा थांबवतो, थोडा मागे नेतो, आणि त्याचं तोंड उघडलेलं ते एक चित्र पुन्हा बघतो.